गेटवर उभा केलेला वेताळ

वेताळ आमच्या घरात चुलीच्या वर राहायचा. बांबूच्या पाटीत, जुन्या धोतरात गुंडाळून, छपराच्या आढ्याला टांगलेला. धुरानं लाकडाला कीड लागत नाही म्हणून त्याची जागा तिथं. खाली आई नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी थापायची, उडदाची डाळ रटरटत असायची आणि मी खाता खाता वर बघायची. आई म्हणायची, "वर काय बघतेस? तो काय खाली येऊन तुझी भाकर नाय खायचा." नाशिक जिल्ह्यात पेठच्या बाजूला आमचं गाव. तिथं होळीनंतर बोहाडा होतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की देव, दैत्य, राजे, राक्षसिणी यांचे रंगवलेले लाकडी मुखवटे बांधून गावातली माणसं मोकळ्या जागेत नाचत येतात. संबळ आणि पिपाणी वाजतात. प्रत्येक मुखवट्याची चाल वेगळी, त्याच्यासाठीचं वाजवणं वेगळं. मुखवट्याला आम्ही सोंगच म्हणतो. एकेक सोंग एकेका घराचं. आमच्या घराचा वेताळ. आजोबा गेल्यावर तो माझ्या बाच्या वाट्याला आला.

आमच्या घरचे नेम कडक होते. इतर घरांचे वेगळे असतील, मी आमचे सांगते. सोंग बांधायच्या दिवशी बा उपाशी राहायचा. एकदा बांधलं की तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण मग बोलायचं ते वेताळानं, आणि वेताळ अंगानं बोलतो. बांधलेलं सोंग खेळल्याशिवाय उतरवायचं नाही. आणि खेळून झालं की ज्यानं बोलावलं त्यानं त्याला ओवाळायचं, मगच गाठी सोडायच्या. गावात हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की नेम म्हणून मला कुणी कधी समजावलंच नाही. घरात शिरताना चपला बाहेर काढतात, तसंच ते.

पावसाळी भात आणि नागली घरात आली की आम्ही सगळे दिंडोरीकडं द्राक्षबागांत कामाला जायचो. बागेच्या कडेला पत्र्याची खोली, तीन दगडांची चूल, दिवसभर फवारणीच्या ट्रॅक्टरची घरघर. बा छाटणीत हुशार होता. पण दुपारी सगळे डबे उघडून बसले की तो कात्री कमरेला खोचायचा आणि दोन ओळींच्या मधल्या वाटेवरून वेताळाची चाल चालायचा. गुडघे वाकवून, मान आधी, खांदा नंतर, पाऊल सगळ्यात शेवटी. मुकादम ओरडायचा, "अरे वेताळा, जेव आधी! नायतर तुझ्या वाटची भाकर मी खाईन!" बायका हसायच्या. बा हसायचा नाही. तो थांबून परत मागं जायचा आणि तेच पाऊल पुन्हा टाकायचा. मला भाऊ नाही आणि आमच्यात बाया सोंग बांधत नाहीत. त्यामुळं बाच्यानंतर कोण, हा विषय घरात निघाला की आई चुलीत उगाच लाकूड सारायची.

बारावीनंतर मी नाशिकला आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पंचवटीत वसतिगृह मिळालं. सकाळी खालच्या गल्लीत भाजीच्या टेम्पोंचे हॉर्न, देवळांच्या घंटा आणि रिक्षावाल्यांची भांडणं एकदमच सुरू व्हायची. मेसचं वरण इतकं पातळ, की ताटाचं नक्षीकाम दिसायचं. विषय निवडताना यादीत नाट्यशास्त्र दिसलं आणि मी ते घेतलं. घरी सांगितलं तेव्हा सोमाकाका, म्हणजे बाचा चुलतभाऊ, जो वेताळासाठी संबळ वाजवतो, तो म्हणाला, "आरे वा! सोंगाचं कॉलेज! मग तर आपल्याला मास्तर करा." मी वर्गात फार बोलायची नाही. प्रश्न मनातल्या मनात नीट मांडून होईपर्यंत तास संपायचा.

दुसऱ्या वर्षी आम्हाला चिनी ऑपेरा होता. सरांनी पडदा लावून चित्रफिती दाखवल्या. सर चांगलं शिकवायचे, हे आधीच सांगते. पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मला त्यांच्यात काही चांगलं दिसलंच नाही. तर तसं नाही. त्यांनी सांगितलं, की चिनी ऑपेरा म्हणजे एकच एक प्रकार नव्हे. प्रांताप्रांताचा वेगळा, बोली वेगळी, गाण्याची ढब वेगळी. बीजिंगचा सगळ्यात गाजलेला, झांजा आणि टिपऱ्यांच्या ठेक्यावर चालणारा. दक्षिणेकडचा एक त्याहून जुना, बासरीच्या सुरावर सावकाश उलगडणारा. सिचुआनमधले नट डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर तोंडावरचा चेहरा बदलतात. पात्रं ठरलेली: पुरुष, स्त्री, रंगवलेल्या तोंडाचा आणि विदूषक. लाल रंग निष्ठावंताचा, पांढरा कपटी माणसाचा, काळा सरळमार्गी, कुणाला न भिणाऱ्याचा. रंगमंचावर एक टेबल आणि दोन खुर्च्या, त्यातूनच डोंगर, किल्ला, दरबार. हातात गोंडे लावलेला चाबूक आला की माणूस घोड्यावर बसला. वल्हं आलं की पाणी आलं. बायकांची कामंही कित्येक पिढ्या पुरुषच करायचे. पोरं लहानपणी गुरूच्या ताब्यात दिली जायची आणि मार खात खात शिकायची.

मग सर म्हणाले, की लाल तोंडाचा एक सेनापती आहे, ज्याला तिकडं लोक देव मानतात. त्याचं काम करणारा नट आधी धूप लावतो, आणि एकदा तोंडाला रंग लागला की प्रयोग होईपर्यंत तो कुणाशी गप्पा मारत नाही.  माझा हात वर कसा गेला मला कळलं नाही.

"सर, आमच्याकडं पण असंच असतं."

"कुठं?"

"पेठला, सर. बोहाड्यात. माझा बा... वडील वेताळाचं सोंग बांधतात. बांधलं की बोलत नाहीत."

मागच्या बाकावरून कुणीतरी "बापरे, वेताळ!" म्हणालं आणि वर्ग हसला. सरांनी हात करून त्यांना गप्प केलं. "छान आहे," ते म्हणाले. "पण फरक लक्षात घे. ते लोकांचं, हौसेचं, विधीतलं. हे अभिजात आहे. याच्यामागं पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम आहे." आणि मी मान हलवली. आज मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वर्गात एखादी मुलगी असा अर्धवट हात वर करते तेव्हा मला द्राक्षाच्या दोन ओळींमधून तेच पाऊल पुन्हा टाकणारा बा दिसतो. मग पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम म्हणजे आणखी काय असतं, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारायला हवा होता. तो मनात मांडून व्हायला मला काही वर्षं लागली.

त्याच वर्षी बातमी आली, की एक चिनी ऑपेरा मंडळी भारतात दौऱ्यावर येत आहे आणि त्यांचा एक प्रयोग आमच्या कॉलेजात होणार आहे. सगळा विभाग हवेत तरंगत होता. सरांनी मला बोलावून घेतलं. "दोन देशांची देवाणघेवाण आहे. आपल्या मातीतलं काहीतरी हवंच. तुझ्या वडिलांचं ते सोंग आणूया. मुख्य रंगमंच, अर्धा तास, आणि सुरुवात तुमच्यानंच." मी तीन वेळा "हो सर" म्हणाले. वसतिगृहात येऊन मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं म्हणून पुन्हा सांगितलं. मुख्य रंगमंच. शेजारी चीनचे कलावंत. आमचा वेताळ.

सुट्टीत घरी गेले तेव्हा घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आईला काळजी, की ती माणसं काय खातात. सोमाकाका म्हणाला, "त्यांचा देव लाल तोंडाचा, आपला काळ्या तोंडाचा. समोरासमोर आले तर भांडतील बघ." बा मात्र विचारात पडला. हंगाम नसताना सोंग बाहेर काढायचं म्हणजे गावातल्या जुन्या माणसांना विचारावं लागतं. नारळ ठेवला, विचारलं, सगळ्यांनी होकार दिला. तरी रात्री जेवताना बा म्हणाला, "खेळवतील ना पण? बांधून बसवून ठेवणार नाय ना?"

"बा, सरांनी स्वतः सांगितलंय. पहिला नंबर आपलाच."

"मला तुझा सर म्हाईत नाय. तू हो म्हण. तू म्हणालीस तर मी बांधतो."

मी हो म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी बा, सोमाकाका आणि पिपाणीवाले रामूमामा सकाळच्या एसटीनं आले. पाटी बाच्या मांडीवर. कंडक्टरनं ती टपावर टाकायला सांगितली होती, बानं ऐकलं नव्हतं. कॉलेजात त्यांना रंगमंचामागची जनरेटरशेजारची जागा दिली. चिनी मंडळींना आरशांची खोली होती आणि तिच्या दारावर कागद चिकटवलेला: शांतता राखा, कलावंत तयारी करत आहेत. दार थोडं उघडं होतं. आत एक पन्नाशीचा माणूस आरशासमोर ताठ बसून स्वतःच्या तोंडावर लाल रंग चढवत होता, इतक्या सावकाश, की हात हलतोय की नाही कळत नव्हतं. बाजूला उदबत्ती. मी बाला हात धरून आणलं आणि फटीतून दाखवलं. बानं बराच वेळ पाहिलं. "रंग बोटानं नाय लावत. काडीनं लावतो," एवढंच म्हणाला. पण चालताना त्याची पाठ सरळ झाली होती, ते मी पाहिलं.

दुपारी आमच्या वर्गातला ईशान आला. तो सूत्रसंचालन करत होता, हातात माइक, अंगात नवा कुर्ता. "काकांना तयार करा. पाच मिनिटांत बोलावतो." आम्ही दिवा लावला, नारळ वाढवला, रामूमामांनी मागून गाठी मारल्या. बा गेला आणि वेताळ उभा राहिला. संबळ कानावर येत नव्हतं, जनरेटरच्या आवाजात काहीच येत नव्हतं, पण सोमाकाकाचा हात चालू होता.

पाच मिनिटं झाली, मग अर्धा तास झाला. प्रमुख पाहुणे म्हणजे अंबडचे एक कारखानदार, कार्यक्रमाला त्यांनीच देणगी दिलेली. ते निघाले होते, पण पोचले नव्हते. ते आल्याशिवाय दीपप्रज्वलन नाही, दीपप्रज्वलनाशिवाय सुरुवात नाही. मग ईशान पुन्हा आला.

"अगं, बदल आहे थोडा. सर म्हणाले, काकांना गेटवर उभं करा. पाहुण्यांच्या स्वागताला भारी दिसेल."

"आणि खेळ?"

"तिथंच नाचा ना थोडं. तेवढ्यात होऊन जाईल."

सोमाकाकानं संबळ थांबवलं. "थोडं नाचायला हा काय वरातीतला वेताळ हाय का रे?"

मी सरांकडं धावले. ते फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "आधी पाहुणे येऊ देत, मग बघतो ना मी. विश्वास ठेव." मी विश्वास ठेवला. परत येऊन बाला सांगितलं.  तो मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांतून माझ्याकडं बघत राहिला आणि मग गेटकडं चालू लागला.

त्या गेटबद्दल लिहिताना माझं डोकं अजून तापतं. एका बाजूला रांगोळी, एका बाजूला प्रायोजकांचा फ्लेक्स, आणि मध्ये उन्हात बा. पोरी येऊन दोन बोटं वर करून सेल्फी घेत होत्या. एका मुलानं मुखवट्याच्या गालावर टकटक केली, "खरं लाकूड आहे का बे?" कुणीतरी प्रायोजकाच्या नावाचा पट्टा आणला आणि बाच्या गळ्यात तिरका घातला. मी तो काढला. त्यांनी पुन्हा घातला, म्हणाले वरून सूचना आहे. रामूमामा पिपाणी काखेत धरून वॉचमनच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले होते. बा उपाशी होता, पाणीसुद्धा घेत नव्हता, आणि मुखवट्याखालून घाम त्याच्या मानेवर ओघळत होता.

पाहुणे आले. गाडीतून उतरून हसत बाच्या समोर उभे राहिले आणि हात पुढं केला. "काय नाव तुमचं?" बा स्थिर. ईशाननं माइक थेट लाकडाच्या ओठांसमोर धरला. "काका, दोन शब्द! घाबरू नका!" सगळे हसले. सर माझ्या कानाशी आले. "सांग ना वडिलांना. पाहुण्यांसमोर असं बरं दिसतं का?"

"सर, सोंग बांधलंय. बोलत नाहीत."

"अगं, एक नमस्कार तर म्हणायचाय. एवढं काय त्यात!"

पाहुण्यांनी हात मागं घेतला, "लाजतात वाटतं," म्हणाले आणि आत गेले. त्यांच्यामागून सगळेच आत गेले. गेटवर आम्ही चौघं, आणि तो फ्लेक्स.

दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं. मी सभागृहाच्या मागच्या दारात उभी होते, आपलं नाव कधी घेतात म्हणून. आमचं नाव आलं नाही. सर मंचावर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता जे ज्येष्ठ कलावंत येत आहेत, त्यांनी रंग लावल्यापासून मौन पाळलं आहे. ही त्यांच्या कलेची थोर परंपरा आहे. कृपया त्यांच्याशी बोलण्याचा, फोटो काढण्याचा प्रयत्न करू नये. आपण या मौनाचा आदर करूया." सभागृह इतकं शांत झालं, की पंख्यांची कुरकुर ऐकू आली. ते सगळे खरंच आदर करत होते. त्यात नाटक नव्हतं, आणि त्यानंच माझ्या डोक्यात आग गेली. म्हणजे आदर कसा करायचा हे त्यांना माहीत होतं. तो त्यांच्याकडं होता, पुरेसा होता, आणि गेटपासून सभागृहापर्यंतच्या तेवढ्या वाटेवर कुणालाही तो वापरावासा वाटला नव्हता.

प्रयोग अप्रतिम झाला. खोटं कशाला लिहू. लाल तोंडाचा तो सेनापती नुसता आत आला आणि उभा राहिला, तरी मंच लहान वाटायला लागला. त्याची लांब दाढी, पाठीवरची निशाणं, एक पाय उचलून तो ठेवायला त्यानं घेतलेला वेळ. मान आधी, खांदा नंतर, पाऊल सगळ्यात शेवटी. मला वाटलं बानं हे पाहायलाच हवं. मी त्याला आणलं. तो दारात उभा राहिला मात्र, एक स्वयंसेवक मुलगा आला. "मुखवटेवाल्यांना इथं नाही थांबता येणार. मागच्यांना दिसत नाही." बाच्या मागं नुसती भिंत होती.

आभार झाले, माइक बंद झाला. चहापानासाठी पाहुण्यांना सभागृहामागच्या मोकळ्या जागेत नेलं. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, ढोकळा, सामोसे, द्राक्षांच्या रचलेल्या पाट्या. सर घामाघूम आणि आनंदात होते. मला बघून म्हणाले, "झालं बाई एकदाचं. आता वडिलांना म्हणावं, उतरवा ते, आणि खाऊन घ्या काहीतरी."

"सर, खेळ झाला नाही."

"वेळच राहिला नाही, बघितलंस ना तू. पुढच्या वेळी नक्की."

"सर, बांधलेलं सोंग न खेळता उतरवत नाहीत."

"मग घरी जाऊन खेळा."

"घरी कसं जायचं सर? एसटीत असं बसवून? तिकीट कुणाच्या नावानं काढू?"

"आवाज खाली," सर म्हणाले. "पाहुणे आहेत. इतकी अंधश्रद्धा बरी नव्हे. तू शिकतेयस."

मला नीट बोलता आलं नाही. आज लिहिताना वाक्यं सरळ येतात, तेव्हा ती अडकत होती. "सर, ते बोलले नाहीत तर... तुम्हीच म्हणालात आदर करा. माझा बा पण नाही बोलला. त्याला तुम्ही माइक लावला. त्यांचं मौन थोर आणि त्याचं... त्याचं काय सर?" पुढचं रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. सर काहीतरी म्हणत होते, बेटा की काय. मी वळले. सोमाकाका गेटवरून आला होता, मागं बा आणि रामूमामा. सोमाकाकाच्या गळ्यात संबळ होतंच.

मी म्हणाले, "काका, वाजवा."

"हितं?"

"हितंच."

सोमाकाकानं एकदा बाच्याकडं पाहिलं. वेताळाची मान इतकीशी हलली. आणि संबळावर पहिली काठी पडली. ज्यांनी संबळ जवळून ऐकलं नाही त्यांना सांगणं कठीण आहे, ते कानावर येत नाही, पोटात येतं. कपबश्या थांबल्या. रामूमामांनी गाल फुगवून पिपाणी तोंडाला लावली, आणि ती अशी किंचाळली, की झाडावरचे कावळे उठले. बा टेबलांच्या मधून आला. गळ्यातला प्रायोजकाचा पट्टा पहिल्याच गिरकीत उडून गवतावर पडला. वेताळ आधी हुंगतो, मग शोधतो, मग त्याला सापडत नाही म्हणून चिडतो. त्याला काय हवं असतं हे आमच्यात कुणी सांगत नाही, पण बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की ते आपल्यापाशीच आहे. केटरिंगची माणसं टेबलं ओढून वाट करत होती. ईशाननं माइक पाठीमागं लपवला. कुणीतरी "हे काय चाललंय, थांबवा," म्हणालं, पण वेताळाला थांबवायला पुढं कोण जाणार?

तो चिनी कलावंत दारातून बाहेर आला. अर्धं तोंड पुसलेलं, अर्धं लाल. हातातला कागदी कप त्यानं टेबलावर ठेवला, दोन्ही हात बाजूला सोडले आणि खेळ संपेपर्यंत तसाच उभा राहिला. त्याला काय वाटलं ते मला माहीत नाही. त्याची भाषा मला येत नव्हती आणि त्याच्या मनात माझ्या सोयीचं काही घालणं बरं नाही. तो उभा राहिला, एवढं मी पाहिलं.

बानं सगळं खेळवलं. अर्धा तास म्हणाले होते, तर अर्धा तास. एक पाऊल गाळलं नाही. शेवटी वेताळ चालत चालत सरांच्या समोर आला आणि थांबला. संबळ सावकाश, पण चालूच.

"आता काय?" सरांनी मला विचारलं.

"ओवाळायचं, सर."

"मग ओवाळ ना तू. किंवा कुणी मुली..."

"बोलावलं तुम्ही. यजमान तुम्ही. तुम्ही ओवाळल्याशिवाय गाठ सुटत नाही."

रामूमामांनी ताट पुढं केलं. हळद, तांदूळ, लावलेला दिवा. पाहुणे बघत होते, चिनी मंडळी बघत होती, माझा अख्खा वर्ग बघत होता. सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि ताट हातात घेतलं. त्यांचा हात उलटा फिरला. सोमाकाका वाजवता वाजवताच म्हणाला, "उजवीकडून, सर. असं, असं... घाई नका करू, तो कुटं जात नाय." कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. सरांनी दिवा तीनदा फिरवला.  मी ते सगळं डोळे भरून पाहिलं. मला दया आली नाही. आज येते का, असं कधी कधी स्वतःला विचारते, आणि अजूनही उत्तर तेच येतं.

गाठी सुटल्या. मुखवट्याखालून बाचं तोंड बाहेर आलं. गालांवर लाकडाच्या कडांचे वळ, ओठ कोरडे. मी पाणी दिलं, त्यानं तांब्या उंच धरून सगळं पोटात ओतलं. मग तिथंच गवतावर बसला, वेताळ धोतरात गुंडाळून पाटीत ठेवला आणि हातानं जमीन चाचपली.

"माती बरी होती गं," बा म्हणाला. "स्टेजच्या फळ्यांवर पाय सरकले असते. बरं झालं हितं खेळलो."

त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, खरं, पोटभर समाधान, आणि मला त्याचाही राग आला. बाला माती मिळाली होती. मी त्याला शब्द दिला होता तो स्टेजचा. मला स्टेज हवं होतं. अजून हवं आहे.